पैठणचा पट : एका गावाच्या शाळांची हकीकत

पैठणला येणारा पाहुणा साधारणपणे तीन गोष्टी पाहून परत जातो. एक नाथांचा वाडा, दुसरी नाथसागराचे सत्तावीस दरवाजे, आणि घरची मंडळी बरोबर असतील तर तिसरी, मागावरची पैठणी. या तिसऱ्या गोष्टीपाशी त्याचा चेहरा किंचित उतरतो आणि तो लगबगीने गाडीकडे वळतो. या गावातली पोरे कोणत्या शाळेत जातात, असे विचारणारा पाहुणा मला आजवर भेटलेला नाही. त्यात विचारण्यासारखे काय आहे, असे वाचकांनाही वाटेल. पण गेल्या शंभर वर्षांत कोणत्या शाळेचा पट भरला आणि कोणत्या शाळेचा ओसरला, एवढे जरी नीट सांगता आले, तरी मराठवाड्याचा बराचसा इतिहास सांगून होतो, असे माझे मत आहे. फराळाबरोबर तो जड जाऊ नये एवढी काळजी मी घेईन.

माझ्याविषयी दोन शब्द. मी शाळामास्तर. चित्रकला शिकवतो. शिक्षण दहावी, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. इतिहासाचा पंडित मी नव्हे. पण चाळिशी उलटलेल्या मास्तराला दोन खोडी हमखास जडतात : जुनी रजिस्टरे चाळण्याची आणि म्हाताऱ्या माणसांना बोलते करण्याची. शाळेच्या त्या मोठ्या, कापडी पुठ्ठ्याच्या नोंदवहीला आमच्याकडे अजून ‘दाखल-खारीज’ म्हणतात. मूल आले की दाखल, गेले की खारीज. राजवटी बदलल्या, वहीची भाषा बदलली, पण नाव तेच राहिले. या वहीतून निघतो तो पट. विणकराच्या तोंडी पट म्हणजे वस्त्र, मास्तराच्या तोंडी पट म्हणजे पोरांची संख्या. पैठणात दोन्ही पटांवर कित्येकांची घरे चालत आली आहेत.

विद्येच्या बाबतीत पैठणचा दबदबा फार जुना. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, ती हीच. पुढे राजधानी गेली, पण पंडित राहिले, आणि धर्मशास्त्राच्या प्रश्नावर पैठणच्या ब्रह्मवृंदाने काय निर्णय दिला याकडे मुलूखभर कान लागलेले असत. आळंदीची चार भावंडे शुद्धिपत्र मागायला पैठणला आली, ही कथा तर घरोघरी माहीत आहे. गंमत म्हणून नव्हे, पण खरेच सांगतो, मला त्या कथेत नेहमी शाळेचे दार दिसते. लेकरे हुशार आहेत, शिकलेली आहेत, पण आत घ्यायचे की नाही हे ठरवणारे दुसरेच कोणी आहेत. त्याच गावात पुढे नाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून ठेवली. एकीकडे दार लावणारे गाव आणि दुसरीकडे ग्रंथ लोकांच्या भाषेत नीट करून देणारे गाव, अशी पैठणची दोन्ही रूपे आहेत, आणि शाळांच्या हकीकतीत ती दोन्ही पुन्हा पुन्हा भेटतात.

जुन्या काळी वेदपाठशाळा होती ती ब्राह्मणांच्या मुलांसाठी. पंतोजीची शाळा होती ती ज्याला हिशेब आणि मोडी लागे त्याच्यासाठी. मशिदीजवळच्या मकतबात मुसलमानांची मुले शिकत. साळ्या-कोष्ट्यांचे पोर शिकत असे ते बापाच्या मागाखाली बसून. तिथे धोटा कसा फेकावा, जर कशी जपावी, पदरावरचा मोर कसा मोजावा, हे सारे होते, फक्त अक्षर नव्हते. शेतमजुराच्या आणि महारवाड्यातल्या मुलांना यांतले एकही दार उघडे नव्हते. म्हणजे गावात विद्या होती, पण शाळा या शब्दाचा आज आपण जो अर्थ घेतो, ती नव्हती.

ती आली निजामी राजवटीत. पैठण हे औरंगाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. (हा जिल्हा 2023 पासून छत्रपती संभाजीनगर झाला.) हैदराबाद संस्थानात शाळांच्या तीन पायऱ्या असत आणि त्यांची नावे मोठी भारदस्त होती : तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया. खालची, मधली आणि वरची, एवढाच त्यांचा अर्थ. फौकानिया म्हणजे हायस्कूल. खेड्यात झाली तर तहतानिया, बड्या गावात वस्तानिया, आणि फौकानियासाठी बहुधा जिल्ह्याची वाट धरावी लागे. पैठणहून औरंगाबाद पन्नासेक किलोमीटर. आज तासा-सव्वातासाचा प्रवास. बैलगाडीच्या दिवसांत तो मुक्कामाचा होता, आणि मुक्काम म्हणजे खर्च. त्यामुळे पोर किती हुशार आहे यापेक्षा औरंगाबादेत त्याचा मामा राहतो की नाही, यावर हायस्कूल ठरत असे.

दुसरी अडचण भाषेची. 1884 च्या सुमारास राज्यकारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली, आणि 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे ते हिंदुस्थानातले पहिले विद्यापीठ, ही गोष्ट अभिमानाची खरीच. पण आमच्याकडच्या मराठी मुलाला त्याचा अनुभव निराळा आला. खालच्या वर्गांत मराठी चाले. वर गेले की भूगोलाचा जुगराफिया होई, इतिहासाची तारीख होई, त्रिकोणाला मुसल्लस म्हणावे लागे. घरी मराठी, शाळेत उर्दू, आणि नोकरीसाठी थोडी इंग्रजी, अशी त्याची तिहेरी कसरत. माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक म्हातारे होते. ते अभंग मराठीत म्हणत, पण पाढे उर्दूत मोजत. आम्ही हसत असू. ‘ज्या भाषेत छडी खाल्ली त्याच भाषेत हिशेब जमतो,’ असे ते म्हणत.

तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या काळी ज्यांना परवडे त्यांनी मुलांना उर्दूत घातलेच. वकिली, तहसील, पोलीस, सगळी दारे उर्दूत उघडत होती. बापाला भाषेचे प्रेम नव्हते असे नाही, पण त्याला पोराच्या भाकरीची काळजी अधिक होती. हे वाक्य वाचकांनी जरा लक्षात ठेवावे. पुढे, दुसऱ्या एका भाषेच्या वेळी, ते पुन्हा उपयोगी पडेल.

ज्यांना उर्दू नको होती त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, गोदावरी ओलांडून इंग्रजी मुलखात, नगर-पुण्याकडे जाणे. दुसरी, संस्थानातच लोकांनी वर्गणीवर चालवलेल्या खासगी शाळा. हैदराबादेत 1907 मध्ये विवेकवर्धिनी निघाली, औरंगाबादेत 1915 मध्ये सरस्वती भुवन निघाली, हिप्परग्याला 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. याच हिप्परग्याला आणि नंतर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ मास्तर होते. अशा शाळांकडे सरकार संशयाने बघे, परवानगीवाचून शाळा काढता येत नसे. संशय अगदीच अनाठायी नव्हता म्हणा! 1938 च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातल्या मुलांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला, ते लोण उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेले, शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले, आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यापैकीच. ‘खारीज’ या शब्दाला त्या वर्षी मोठा मान आला.

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान भारतात विलीन झाले. झेंडा एका दिवसात बदलतो, शाळा तशी बदलत नाही. आदल्या वर्षापर्यंत मुसल्लस शिकवणाऱ्या मास्तरांना आता त्रिकोण शिकवायचा होता. ते स्वतः उर्दूत शिकलेले, अक्षर उजवीकडून डावीकडे वळण घेतलेले. त्यांनी रात्री कंदिलाशी बसून मराठी परिभाषा पाठ केली आणि सकाळी वर्गात जाऊन ती शिकवली. त्या पिढीच्या मास्तरांचे पुतळे कोठे उभे राहिले नाहीत. मराठवाड्यातली मराठी हायस्कुले मात्र त्यांच्याच खांद्यांवर उभी राहिली.

आता जी गोष्ट सांगतो ती आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना बहुधा ठाऊक नसते. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूल आले ते संस्थांच्या हातून. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 ची, साताऱ्याकडे कर्मवीरांची रयत शिक्षण संस्था 1919 ची. तिथे गावाला हायस्कूल हवे झाले की गाव संस्थेकडे जाई. मराठवाड्यात निजामी राजवटीने संस्था फारशा वाढू दिल्या नाहीत, त्यामुळे हायस्कूल म्हणजे सरकारी हायस्कूल, असेच समीकरण बसले. 1956 मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो, 1960 मध्ये महाराष्ट्रात, आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तेव्हा ही सरकारी हायस्कुले त्यांच्या स्वाधीन झाली. म्हणून ‘जिल्हा परिषद प्रशाला’ ही पाटी मराठवाड्यात गावोगाव दिसते आणि सातारा-सांगलीकडचा माणूस ती पाहून विचारतो, ‘तुमच्याकडे झेडपीची हायस्कुलेसुद्धा असतात?’ असतात. फौकानियाची ती नात आहे.

या प्रशालांचे पहिले वीस वर्षांचे वैभव ज्यांनी पाहिले त्यांच्याकडून मी ते ऐकले आहे. तालुक्याच्या गावी दुसरे हायस्कूल असले तर असले, बहुधा नसेच. त्यामुळे तहसीलदाराचा मुलगा, डॉक्टरांचा मुलगा, देवळातल्या पुजाऱ्याचा मुलगा, मोमीनपुऱ्यातला मुलगा, साळीवाड्यातला मुलगा आणि दलित वस्तीतून पहिल्यांदाच शाळेची पायरी चढलेला मुलगा, सगळे एकाच बसकरपट्टीवर. सगळे गुण्यागोविंदाने बसत, असे मी म्हणणार नाही. पाण्याच्या माठापाशी आणि डब्याच्या सुट्टीत जात डोके वर काढीच. पण हजेरी एकाच वहीत लागे, छडी एकाच हाताची असे, आणि पाटीवरचे गणित चुकले की पुजाऱ्याचेही चुके. साठीच्या सुमारास ई.बी.सी.ची फीमाफी आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादेत काढलेले, पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आलेले महाविद्यालय आणि 1958 मध्ये सुरू झालेले मराठवाडा विद्यापीठ यांमुळे हायस्कुलापुढेही रस्ता आहे, हे खेड्यातल्या बापाला दिसू लागले. मॅट्रिक झालेले पोर आता तलाठीही होऊ शकत होते आणि प्राध्यापकही.

त्या काळातले दाखल-खारीज उघडावे. पहिल्या पानापासूनच एक नवल दिसते : निम्म्याहून अधिक मुलांची जन्मतारीख 1 जून. या तारखेला मराठवाड्यात काही दैवी योग असतो असे नव्हे. आई सांगे, ‘पोळ्याच्या पुढंमागं झाला, ज्या साली लई पाऊस पडला.’ मास्तर मनात हिशेब करी, वर्ष ठरवी आणि शाळा सुरू होण्याच्या महिन्याची पहिली तारीख टाकून मोकळा होई. आज सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त होणाऱ्यांची मे अखेरीस जी गर्दी होते ती या मास्तरांची कृपा. पण या चेष्टेमागे एक मोठी गोष्ट आहे. ज्या घरात जन्मतारीख लिहून ठेवायला अक्षर नव्हते, त्या घरातले पोर शाळेत आले होते. 1 जूनच्या ओळी मोजल्या की पहिल्या पिढीचे शिकणारे मोजून होतात.

दुसरा बोलका रकाना शाळा सोडण्याच्या कारणांचा. ‘सतत गैरहजर’, ‘शेतीकाम’, ‘वडील वारले’, ‘गाव सोडले’. मुलींच्या नावापुढे एकच शब्द वारंवार येतो : ‘विवाह’. सातवीच्या पुढे मुलींची नावे पानावर विरळ होत जातात, आणि जुन्या वह्यांत तर एखादे पान अख्खे मुलग्यांचे.

मग धरण आले. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केले. त्या वेळी मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण, आणि त्यांचा जन्म पैठणचा. नाथसागराच्या पाण्याखाली शंभरावर गावांची जमीन गेली. वेस गेली, मारुती गेला आणि शाळाही गेली. पुनर्वसनाच्या गावठाणात देऊळ लोकांनी लवकर बांधले, कारण ते वर्गणीतून होते. शाळेला मंजुरी लागते. मधल्या वर्षांत वर्ग भरले ते झाडाखाली, नाहीतर कोणाच्या ओसरीवर, आणि त्या मधल्या वर्षांतच पुष्कळांची नावे खारीज झाली. त्यातच 1972 चा दुष्काळ. वहीऐवजी हातात खडी फोडायचा हातोडा आला.

पण धरणाने दुसरेही एक घडवले. कालवे वाहू लागले, उसाला पाणी मिळाले, पैठणला औद्योगिक वसाहत झाली. ज्या खेड्यात चार घरी पैसा आला, तिथे पुढाऱ्यालाही शाळा काढावी असे वाटू लागले. ज्या संस्था निजामी राजवटीत उगवू शकल्या नाहीत त्या आता भराभर उगवल्या. काहींनी खरोखर तळमळीने काम केले, खेड्यात हायस्कूल नेले, वसतिगृहे चालवली. काहींना शाळेपेक्षा तिच्यातल्या नोकऱ्यांत अधिक रस होता. दोन्ही जाती एकाच पाटीखाली नांदत, आणि अनुदान दोन्हींना सारखेच मिळे. प्रशालेचा पट यांनी पहिल्यांदा कमी केला. तरी त्यात मुलांचे नुकसान नव्हते. कारण एकूण पटच वाढत होता. पूर्वी जे पोर शाळेबाहेर होते ते आता निदान कोठेतरी आत होते.

मुलींचे तर सगळेच बदलले. हायस्कूल गावात आले, म्हणजे मुलगी रात्री घरी असणार. शासनाने 1980 नंतरच्या दशकात मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत केले. पुढे अहिल्याबाई होळकरांच्या नावाने एस.टी.चा मोफत पास आला. सकाळी पैठणच्या स्थानकावर खेड्यांकडून येणारी गाडी थांबली की दोन वेण्या आणि पाठीवर दप्तर अशा तीस-चाळीस मुली उतरतात. गेल्या पन्नास वर्षांत मराठवाड्यात जे जे झाले त्यांत मला सर्वांत मोठी गोष्ट कोणती विचाराल, तर मी या गाडीकडे बोट दाखवीन. ‘विवाह’ हा शब्द त्या रकान्यातून अजून नाहीसा झालेला नाही, पण तो आता दहावी-बारावीनंतर येतो.

मधल्या काळात मॅट्रिकही गेली. 1975 मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली आणि अकरावीच्या शेवटी द्यायची ती जुनी परीक्षा इतिहासजमा झाली. लातूरच्या कॉलेजांची कीर्ती झाली, ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द निघाला, आणि ज्यांना परवडे ते दहावीनंतर मुलाला लातूरला किंवा औरंगाबादेला ठेवू लागले. मामाच्या घराची जागा आता खोली आणि खानावळीने घेतली.

आता त्या दुसऱ्या भाषेकडे येतो. जून 2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. हेतू चांगला होता : खेड्यातल्या पोराने मागे राहू नये. पण लोकांनी त्यातून आपला अर्थ काढला. सरकारच म्हणते पहिलीपासून इंग्रजी हवी, मग नुसता एक विषय कशाला, सगळेच इंग्रजीत का नको? 2001 मध्ये ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर शाळांना परवानग्या मिळू लागल्या. 2009 मध्ये त्यातला ‘कायम’ निघाला, तोवर शाळा उभ्या राहिल्या होत्या. 2012 मध्ये स्वयं-अर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. आता सकाळी सात वाजता पिवळ्या गाड्या वाडी-तांड्यांवर जातात आणि गळ्यात टाय बांधलेली, अर्धवट झोपेतली लेकरे गोळा करून आणतात. मराठी शाळांनीही उपाय शोधला : गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत. याला ‘सेमी’ म्हणतात. आज पाटीवर हा शब्द नसेल तर पालक आत येत नाही.

बापाला मी दोष देत नाही. मघाचे वाक्य आठवा. त्याला भाषेचे प्रेम नाही असे नाही, पोराच्या भाकरीची काळजी अधिक आहे. नव्वद वर्षांपूर्वी त्याच्या पणजोबाने हेच केले होते. आणि या सगळ्यात उर्दूचे काय झाले पाहा. जी भाषा एके काळी सगळ्याच पोरांना सक्तीची होती, तिच्या शाळा आता एकाच समाजाच्या मुलांसाठी उरल्या, आणि तिथले पालकही इंग्रजीच्या दाराकडे बघू लागले आहेत. राज्यकर्त्यांची भाषा बदलते तशी पिवळी गाडी बदलते, एवढेच.

या स्थित्यंतरात एक नवा दरवाजा कायद्याने उघडला. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला आणि विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा गरिबांच्या मुलांसाठी राखल्या गेल्या. जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट द्यावी, असा नियम राज्याने 2024 मध्ये केला. उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द ठरवला. पण हा हक्क आठवीपर्यंतचाच. नववीला फी भरायची वेळ येते आणि तेच मूल टाय काढून प्रशालेत किंवा अनुदानित शाळेत येते. माझ्या वर्गात अशी मुले दरवर्षी येतात. चित्र सुरेख काढतात. पण चित्राखाली नाव मराठीत लिही म्हटले की थबकतात, आणि इंग्रजीत विचारले तरी थबकतात. दोन्ही भाषांच्या मधल्या बांधावर ती उभी असतात. नववीची पट-पत्रके त्यामुळेच मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. कोण कोठून आले आणि का आले, हे तिथे कळते.

करोनाच्या साथीने हा प्रवाह काही काळ उलटा फिरवला. ‘असर’च्या पाहणीप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात 6 ते 14 वयाची सरकारी शाळेतली मुले 2018 मध्ये 65.6 टक्के होती, ती 2022 मध्ये 72.9 टक्के झाली. रोजगार गेला, फी भरवेना, पोरे परत आली. 2024 मध्ये तो आकडा पुन्हा 66.8 वर उतरला. हात सैल झाला की बाप पुन्हा पिवळ्या गाडीकडे वळला. दोन वर्षे ही मुले सरकारी शाळेच्या हाती होती. त्यांतली जी टिकली ती कशामुळे टिकली, याची चर्चा आकड्यांपेक्षा अधिक व्हायला हवी.

मास्तराची नोकरी पटावर. पट घटला की एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याला दुसऱ्या गावी जावे लागते. 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरच दाखल असलेली पोरे कितीतरी निघाली. तेव्हापासून पट या शब्दाला भीतीचा वास लागला आहे. म्हणून मे महिन्याच्या उन्हात आम्ही मास्तर मंडळी पिशवी घेऊन दारोदार फिरतो. मंडईतल्या व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला हाका माराव्या तशी आमची गत.

अशाच एका फेरीत मागाच्या खटखटाटात बसलेल्या एका बाईंशी मी बोलत होतो. हाताने धोटा चालू, डोळे जरीवर. मी म्हटले, ‘मावशी, पोरीला आमच्या शाळेत घाला. फी नाही, पुस्तके फुकट, दुपारचा भात आहे.’ त्या धोटा न थांबवता म्हणाल्या, ‘सर, ते समदं खरं हाय. पण मला एक सांगा, तुमच्या मास्तरलोकांची लेकरं कोन्या शाळेत हायत?’

मी उत्तर दिले : ‘माझी मुलगी आमच्याच शाळेत आहे.’ ते खरे होते, म्हणून देता आले. त्यांनी प्रथमच मान वर करून पाहिले आणि विचारले, ‘आन् बाकीच्यांची?’

बाकीच्यांचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि मला वाटते, या साऱ्या हकीकतीचा कणा त्याच प्रश्नात आहे. 1930 साली अंमलदाराचा मुलगा फौकानियात होता, म्हणून तिथे चांगला उस्ताद येत असे. 1965 साली डॉक्टरचा मुलगा प्रशालेत होता, म्हणून छप्पर गळले तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी जिल्ह्याला जाऊन तक्रार करी. ज्यांचा आवाज वरपर्यंत पोचतो, त्यांची पोरे एकेका लाटेबरोबर उठून गेली. मागे राहिली ती मजुरांची, विणकरांची, ऊसतोड्यांची. त्यांचे छप्पर आजही गळते, पण तक्रार करायला जाणाऱ्याचा एक दिवसाचा रोज बुडतो. कोठारी आयोगाने 1966 मध्येच सांगितले होते की वस्तीतल्या सगळ्या मुलांनी वस्तीच्याच शाळेत जावे, तरच शाळा सुधारेल. अहवाल कपाटात राहिला आणि वस्ती चार गाड्यांत बसून चार दिशांना गेली.

वाचक विचारतील, मग करावे काय? मी कायदे करणारा नव्हे. पण पैठणपुरते मला एवढे कळते की प्रशालेला दया नको, गिऱ्हाईक हवे, आणि तेही आवाजाचे. ज्यांच्या घरी दोन वेळचे नीट आहे अशा दहा पालकांनी जरी आपली मुले नववीत तिथे घातली, तरी प्रयोगशाळेचे कुलूप निघेल, रिकामी जागा भरेल आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी येईल. मराठवाड्यात दोन-चार खेड्यांतल्या जिल्हा परिषद शाळांत असे झाल्याचे मी पाहिले आहे. तिथे सरपंचाने आपला नातू शाळेत घातला आणि पुढच्या दोन वर्षांत बाहेरगावी जाणाऱ्या गाड्यांपैकी एक बंद झाली.

त्या मावशींची मुलगी जूनमध्ये आली. बरोबर शेजारच्या दोघी आल्या. दाखल-खारीजच्या पानावर मी तिघींची नावे लिहिली. तिघींच्याही जन्मतारखा खऱ्या होत्या, एकीचीही 1 जून नव्हती. चित्रकलेच्या पहिल्या तासाला त्यांतल्या एकीने पदरावरचा मोर काढला, तो मागावर मोजतात तसा, एकेक घर मोजून. आता तिला इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसवायचे आहे. पेन्सिली आणि कागद मी आणून ठेवले आहेत.